रोमन रोडच्या बाजारात भेटलेली देवळाली

लंडनच्या पूर्वेकडील बो या भागात रोमन रोडवर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी मी तेथे फळांच्या एका स्टॉलपुढे उभी होते. सफरचंदांच्या राशीमागचे सत्तरीचे विक्रेते मला म्हणाले, 'हॅव अ बुचर्स, लव्ह.' जवळच कुठेतरी खाटकाचे दुकान असावे आणि ते त्याविषयी सांगत असावेत, असे मला क्षणभर वाटले. पण त्यांचा हात सफरचंदांकडे होता आणि स्वर आग्रहाचा होता. 'बघून तर घ्या', एवढेच त्यांना म्हणायचे होते.

ही पूर्व लंडनमधल्या कॉकनी लोकांची यमकांची बोली. तिची रीत अशी, की 'लुक' या शब्दाशी यमक जुळणारा 'बुचर्स हुक', म्हणजे खाटीक मांस टांगतो तो आकडा, शोधायचा आणि मग ज्या 'हुक'मुळे यमक जुळले, नेमका तोच शब्द गाळून टाकायचा. उरतो तो एकटा 'बुचर्स', आणि त्याच्यावरून 'बघणे' या अर्थापर्यंत परक्या माणसाला पोहोचता येत नाही. 'ब्रेड'चे यमक 'हेड'शी जुळते म्हणून 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे डोके, आणि ब्रेड गळून गेल्यावर 'जरा डोके चालव' हे सांगायला 'यूज युअर लोफ' एवढेच पुरते. 'चायना प्लेट' म्हणजे 'मेट', म्हणून जिवलग मित्र झाला 'चायना'. बार्नेट या गावच्या प्रसिद्ध जत्रेवरून, म्हणजे 'बार्नेट फेअर'वरून, 'हेअर' म्हणजे केसांना 'बार्नेट' म्हणू लागले. पर्यटकांसाठीच्या दुकानांत टॉवेलांवर आणि कपांवर या जोड्या पूर्णच्या पूर्ण छापलेल्या असतात. परंतु माझ्या मते या बोलीची सगळी करामत गाळलेल्या शब्दात आहे, आणि पूर्ण जोडी छापली की तीच नाहीशी होते. आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत आकड्यांसाठी शब्दच निराळे असतात. इथे मात्र पाव, बशी, खाटीक हे रोजचेच शब्द असतात आणि त्यांच्या आतला अर्थ तेवढा बदललेला असतो.

जॉन कॅम्डन हॉटन यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या बोलीकोशात या शब्दांची नोंद आहे आणि रस्त्यावर गाणी म्हणत, बडबड करत माल विकणाऱ्यांशी त्यांनी ही बोली जोडली आहे. ती पोलिसांना चकवण्यासाठी निघाली, गिऱ्हाइकापासून भाव लपवण्यासाठी निघाली की निव्वळ शब्दांच्या हौसेपोटी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्या स्टॉलपुढे अर्धा तास काढल्यावर माझा कौल हौसेकडे झुकला. चीपसाइडमधील सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरावर जन्मलेला तोच खरा कॉकनी, असा जुना दंडक आहे. त्या घंटा १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाल्या आणि १९६१ साली पुन्हा वाजू लागल्या. नावात 'बो' असले तरी ते चर्च या बो भागात नाही, हेही मला तेथेच कळले.

आदल्या संध्याकाळी मी ब्रिक लेनवर जेवले होते, जेथे रस्त्यांच्या नावांच्या पाट्या बंगालीतही आहेत. तेथील जेवणाला हे सफरचंदवाले आजोबा 'रुबी' म्हणाले. रुबी मरे ही १९५० च्या दशकात अतिशय लोकप्रिय झालेली बेलफास्टची गायिका. 'मरे' आणि 'करी' यांचे यमक जुळले आणि तिचे नाव रश्शाला मिळाले.

एवढ्यात त्यांच्या वजनकाट्यावरचे आकडे आपोआप वरखाली नाचू लागले. त्यांनी काट्यावर थाप मारली आणि म्हणाले, 'इट्स गॉन डूलाली.' मी त्यांच्याकडे पाहतच राहिले, कारण माझे बालपण नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात गेले आहे. ब्रिटिशांनी १८६१ साली तेथे लष्करी छावणी वसवली. मुदत संपलेल्या सैनिकांना मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी तेथे थांबावे लागे, आणि त्या बोटी ठरावीक हंगामातच सुटत असल्यामुळे कित्येकांचे महिनेच्या महिने उकाड्यात, आजारपणात आणि रिकामपणात जात. त्यातून मनाचा तोल जाई, त्याला सैनिक 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातला 'टॅप' हा तापच. पुढे ताप गळून पडला आणि डोके फिरण्याला नुसते 'डूलाली' म्हणणे रूढ झाले. हे यमकाचे उदाहरण नाही, पण अर्धा शब्द टाकून उरलेल्यावर भागवण्याची खोड तीच आहे. 'बुचर्स'च्या जोडीला बघण्यासाठी 'डेको' हा शब्दही येथे चालतो, आणि तोही सैनिकांनी 'देखो' या शब्दावरून उचललेला आहे.

डूलाली हे एका गावाचे नाव आहे आणि मी त्या गावची आहे, हे सांगितल्यावर आजोबांनी हातातली कागदी पिशवी खाली ठेवली आणि मूळ नाव कसे उच्चारायचे ते विचारले. मी 'देवळाली' असे सावकाश म्हटले. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, जीभ टाळ्याला लावून पाहिली. 'देव' नीट आला, 'ळ'च्या जागी तिन्ही वेळा 'ल'च आला. मग त्यांनी काटा बाजूला सारला आणि अंदाजानेच पिशवीत सफरचंदे भरली.