तुम्ही विचारलंत म्हणून: १४ चालींच्या बरोबरीत खेळ कुठे असतो?

"मॅडम, दोघंही ग्रँडमास्टर. वीस-बावीस चाली झाल्या, हात मिळवले आणि उठले. यात खेळ तो कुठला?"

सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला पालकांनी विचारला आहे, शेजाऱ्यांनी विचारला आहे, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारला. "आधीच ठरलेलं असतं का हो?" हे त्याचं शेपूट. दर वेळी घाईत काहीतरी सांगते आणि मनाचं समाधान होत नाही. म्हणून आज सविस्तर सांगते.

ऑक्टोबर २०००, लंडन, जगज्जेतेपदाचा सामना. गॅरी कास्पारोव्ह १९८५ पासून जगज्जेता, आणि समोर व्लादिमिर क्रामनिक. त्याआधी पाच वर्षं, १९९५ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोव्ह आपल्या आनंदशी खेळला, तेव्हा हाच क्रामनिक त्याच्या मदतनिसांत होता. त्या सामन्याच्या दहाव्या डावात कास्पारोव्हने घरून तयार करून आणलेला हत्तीचा बळी दिला आणि आनंदला हरवलं. घरची तयारी काय करू शकते, हे क्रामनिकने इतक्या जवळून पाहिलं होतं.

कास्पारोव्ह पांढरी घेऊन राजापुढचं प्यादं दोन घरं टाकणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच डावात क्रामनिकने त्यावर बर्लिन बचाव काढला. एकोणिसाव्या शतकातली जुनी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत; वरच्या पातळीवर तेव्हा क्वचितच कुणी खेळायचं. आठव्या चालीला वजिरांची मारामारी होते आणि काळ्याचा राजा वजिराच्या जागी, डी-८ वर येऊन बसतो. किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल, गेला. सी या उभ्या पट्टीत काळ्याची दोन प्यादी एकापुढे एक अडकलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काळ्याचं सगळं बिघडलं!

इथे जरा थांबून प्यादी मोजा. मी मुलांना हे बोटाने मोजायला लावते. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार, काळ्याची तीन. वजिराच्या बाजूला काळ्याची चार, पांढऱ्याची तीन. पण काळ्याच्या चारांतली दोन एकाच पट्टीत, त्यामुळे त्यांच्यातून एखादं प्यादं शेवटच्या घरापर्यंत नेऊन नवा वजीर करायला वाट निघत नाही. सगळी मोहरी मारली गेली आणि फक्त राजे-प्यादी उरली, तर पांढरा बहुतेक वेळा जिंकतो. म्हणजे पांढऱ्याकडे खराखुरा, कायमचा फायदा आहे. मग काळ्याकडे काय? दोन उंट, पांढऱ्याकडे एकच. आणि वजीर पटावर नसल्यामुळे मधोमध बसलेल्या राजाला मात होण्याचं भय नाही. पांढऱ्याचं ई-५ वरचं प्यादं पुढे आलेलं आहे, त्याच्या आजूबाजूची घरं काळा आपल्या मोहऱ्यांनी धरून ठेवतो. आत शिरायला दार सापडत नाही. या बचावाला 'बर्लिनची भिंत' हे नाव पडलं ते यामुळेच.

हे आज सांगणं सोपं आहे. त्या काळच्या कॉम्प्युटरांना अशा बंदिस्त स्थितीचा धड अंदाज येत नसे. क्रामनिक आणि त्याच्या मदतनिसांनी हे पटावर मांडून, मोडून, पुन्हा मांडून तपासलेलं होतं. घोडा कुठल्या वाटेने मागे न्यायचा, राजा कुठल्या बाजूला लपवायचा, कुठला उंट कधी द्यायचा, सगळं. आणि त्या कामातून पटावर दिसतं काय, तर पहिला डाव २५ चालींत बरोबरी. तिसरा लांबला, क्रामनिकला बराच वेळ तग धरावा लागला, तोही बरोबरीत सुटला. नववा बरोबरी. तेराव्या डावाच्या वेळी कास्पारोव्ह दोन गुणांनी मागे होता, हातात पांढरी होती, डाव संपत आले होते. तो डाव १४ चालींत बरोबरीत सुटला.

त्या १४ चालींकडे तुम्ही 'खेळलेच नाहीत' म्हणून बघता. मला त्यात जगज्जेत्याची अडचण दिसते. जिंकणं भाग असलेला माणूस पटाकडे बघतोय आणि त्याला कळतंय की समोरच्याला इथली प्रत्येक गल्ली पाठ आहे. पुढे ओढत नेलं तर धोका आपलाच. पूर्ण सामन्यात कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिकने पांढरी घेऊन दोन डाव जिंकले, बाकीचे तेरा बरोबरीत सुटले आणि ८.५–६.५ असा सामना संपला. बरोबरीला दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो, आणि काळ्याने मिळवलेला प्रत्येक अर्धा गुण हा पांढऱ्याच्या हातची संधी काढून घेणं असतं. मोठ्या स्पर्धांत पांढरी खेळणाऱ्याला एकूण गुणांपैकी साधारण ५४-५५ टक्के मिळतात, तेव्हा तो अर्धा गुण फुकटचा नाही.

तुमची तक्रार सगळीच चूक आहे, असं मी म्हणणार नाही. बसायच्या आधीच तोंडी ठरवून सोडवलेले डावही असतात, आणि त्यांचा मला मनापासून राग आहे. २००५ मध्ये बल्गेरियात सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंनी आपसात बरोबरी मागायची नाही असा नियम केला, तो याच कारणासाठी, आणि तो मला आवडतो. २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता कार्लसन आणि आव्हानवीर कार्याकिन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला शेवटचा, बारावा डाव ३० चालींत, साधारण ३५ मिनिटांत बरोबरीत संपला. पांढरी कार्लसनकडे, ओपनिंग पुन्हा बर्लिन. तिकीट काढून आलेल्या माणसाचा विरस झाला असेल, हे मला कळतं. पण सामना समान गुणांवर राहिला की निकाल जलद डावांत लागणार होता. त्यांत आपण वरचढ आहोत हा कार्लसनचा हिशोब होता, आणि दोन दिवसांनी तो ३–१ ने जिंकला.

गेल्या पावसाळ्यात माझी एक बारा वर्षांची विद्यार्थिनी रविवारच्या स्पर्धेत काळी घेऊन तिच्यापेक्षा चारशे रेटिंगने (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांनी) वरच्या माणसाशी बसली. दोन महिने आम्ही बर्लिन करत होतो. २७ चालींत बरोबरी झाली. बाहेर येऊन तिने स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, वडिलांच्या हातात दिली. त्यांनी शेवटचा '½' बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, जिंकायचा प्रयत्न तरी करायचा ना हिने!" मुलीचा चेहरा उतरला. मी त्यांना बाकावर बसवलं आणि तिला म्हटलं, मांड.

तिने नवव्या चालीपर्यंत भराभर मांडलं. मग हात थांबला. "इथे त्यांनी प्यादं एच-३ केलं. जी-४ करून माझ्या घोड्याला हाकलायचं होतं त्यांना. मी एच-५ केलं." वडील वाकून बघायला लागले. "आणि त्यांनी तरीही हाकललं असतं तर?" त्यांनी विचारलं. तिने घोडा उचलून ई-७ वर ठेवला, तिथून जी-६ वर नेला, पुन्हा ई-७ वर आणला आणि म्हणाली, "थांबा, यातलं आधी कुठलं ते दाखवते. याच्यावर आमचे तीन रविवार गेलेत."