काकूंची चतुःसीमा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा खानापूरच्या एका वकिलांकडचे सहा कॉम्प्युटर बदलायचं काम मिळालं. जुन्यांवर ११ बसत नव्हतं. बेळगावात बसून आधीच यादी केली होती: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह, मेलची पीएसटी फाइल, प्रिंटर, मराठी-कन्नड दोन्हींचे जुने फाँट. ब्राउझरचे पासवर्ड तेवढे वहीत उतरवून घ्यायला सांगितले, कारण ते त्या विंडोज लॉगिनच्या कुलपात असतात. फोल्डर उचलून नेला तरी उघडत नाहीत. यादीवर मी खूश होतो.

चारला सगळं लागलं. टायपिंगच्या काकू बसल्या, दोन अक्षरं मारली, स्पेस दाबला. परत दाबला.

"चतुःसीमा येईना की हो."

"फाइल कुठं ठेवली होती, काकू?"

"फाइल नव्हं. दोन अक्षरं मारली की सगळं येतंय."

दोन अक्षरांवर चतुःसीमा, म्हणजे मिळकतीच्या चारी बाजूंच्या हद्दींचा मजकूर. आणखी दोनांवर खरेदीखतातली 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' ही अख्खी ओळ. तशा दोनेकशे नोंदी, कित्येक वर्षांत एकेक करून भरलेल्या. वर्डची ऑटोकरेक्ट, म्हणजे मारलेल्या अक्षरांच्या जागी ठरवलेला मजकूर आपोआप टाकणारी सोय! ती ना डॉक्युमेंट्समध्ये असते ना डेस्कटॉपवर. लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात पडून असते. माझ्या यादीत तो फोल्डरच नव्हता.

आणि जुन्या डिस्का तर मी फॉरमॅटला लावल्या होत्या. पाच झाल्या होत्या. सहाव्याच्या वेळी करंट गेला म्हणून ती राहिली, आणि ती काकूंची निघाली. एरवी आठ दिवस जुनी डिस्क हात न लावता ठेवतो. त्या दिवशी शेवटची बस गाठायची घाई नडली.

करंट आल्यावर डिस्क जोडली आणि मराठी नोंदींची फाइल शोधत बसलो. मिळेना. मग डोक्यात प्रकाश पडला: जुने फाँट इंग्रजी अक्षरांवरच मराठीचे आकार चढवतात, म्हणून त्यांतली मराठी वर्डच्या लेखी इंग्रजीच! नोंदी एमएसओ १०३३ नावाच्या इंग्रजीच्या एसीएल फाइलमध्ये होत्या, आणि ठळक अक्षरांतल्या काही वर्डच्या नॉर्मल टेम्प्लेटच्या फाइलमध्ये. वर्ड बंद करून दोन्ही नव्या मशीनवर त्याच जागी ठेवल्या.

काकूंनी दोन अक्षरं मारली. ओळ आली. त्या काही बोलल्या नाहीत, पुढची मिळकत टाइप करायला लागल्या.

बाकी पाच जणांना काय काय येईना झालंय, ते विचारायला मी दुसऱ्या दिवशी परत गेलो.