बोअरवेलपासून पिवळ्या विहिरीपर्यंत: आमची वाटचाल

आज आम्ही कारखान्यांनी नासवलेली जमीन आणि भूजल साफ करायचं काम करतो, पण आमचा मूळ धंदा बोअर मारायचा. वडिलांचं बोअर मारायचं एक जुनं यंत्र (डीटीएच रिग), एक कॉम्प्रेसर आणि पनवेलजवळ रस्त्याकडेला पत्र्याची शेड, एवढ्यावर घर चाललं. बोअरला पाणी लागलं की पेढे, कोरडी गेली की बिल बुडालंच समजायचं. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरायचा, नारळ उभा राहिला की वडील तिथं खुंटी ठोकायचे. मी मात्र रिगमधून उडणारा चुरा मुठीत धरून बघत बसायचो. आधी तांबडी माती, मग मुरूम, मग काळा कातळ, मधेच एखादा विटकरी थर, पुन्हा कातळ. आपल्या कातळात पाणी भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत असतं, आणि वाट मिळेल तिकडं पळतं. हे तेव्हा फुकटात शिकलो. पुढं त्याचेच पैसे मिळाले.

सफाईच्या या कामात आम्ही ठरवून आलो नाही. एका कंपनीच्या आवारात भूजल तपासायला पिझोमीटर, म्हणजे नमुने घ्यायच्या बारीक विहिरी, मारायच्या होत्या. अटी विचित्र: कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश नको, प्रत्येक भोकानंतर बिट आणि रॉड धुवायचे, धुतलेलं पाणीही पिंपात साठवायचं. बाकी रिगवाले हसून निघून गेले. आमच्याकडं पावसाळ्यात काम नव्हतं, म्हणून घेतलं. तिथंच नमुने घ्यायला आलेला केमिस्ट आज माझा भागीदार आहे. सुरुवातीला भांडणंच जास्त. बाटलीत बुडबुडा राहिला म्हणून तो अख्खा नमुना ओतून द्यायचा, आणि मी डिझेलचा हिशेब करत उभा.

स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं मोठं काम म्हणजे कोकणातल्या एका एमआयडीसीतला बंद पडलेला क्रोम केमिकलचा कारखाना. नाव लिहीत नाही. तिथं सोडियम डायक्रोमेट व्हायचं. क्रोमाइटचं खनिज सोडा अ‍ॅशबरोबर भट्टीत भाजायचं, पाण्यात विरघळवून क्रोमेट काढून घ्यायचं, आणि उरलेला गाळ टाकायचा. टाकायचा म्हणजे कुठं, तर आवारातच. रस्त्याखाली, शेडखाली, कंपाउंडच्या कडेला भराव म्हणून. हा गाळ नुसता पडून राहत नाही, हळूहळू फुगतो. आम्ही गेलो तेव्हा गोडाऊनची फरशी मधोमध उचलली होती आणि भिंतींना पिवळाधम्मक लोणा चढला होता.

क्रोमियमची भानगड दोन ओळीत सांगतो. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला चिकटून राहतं, फारसं कुठं जात नाही. सहासंयुजी, म्हणजे क्रोमेटमधलं, पाण्यात सहज विरघळतं, पाण्याबरोबर चालतं, आणि कॅन्सरकारक आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे पाणी डोळ्यांना पिवळं दिसायला लागतं तोवर मर्यादा कितीतरी मागं पडलेली असते.

जागेवर तपासायला आम्ही डायफेनिल कार्बाझाइड वापरतो. नळीत पाणी, दोन थेंब आम्ल, मग हे द्रावण. सहासंयुजी असलं तर काही मिनिटांत रंग चढतो, अगदी कोकमच्या आगळासारखा. कारखान्याच्या उतारावर एका शेतकऱ्याची विहीर होती. तिच्या पाण्याची नळी भागीदारानं उजेडात धरली, आणि ते काका काही न बोलता पंपाच्या खोलीला कुलूप लावून आले. गेली कित्येक वर्षं ते त्या पाण्यावर भाजी करत होते.

नकाशे होते, पण कागदावरचे. खरा नकाशा भेटला तो तिथं पूर्वी ऑपरेटर असलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराकडून. त्याच्या नाकातल्या पडद्याला भोक होतं. क्रोमच्या वाफेत आणि धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांना होतं तसं. तो काठीनं दाखवत म्हणाला, "कागदात काय बघताय, साहेब? खड्डा इथं नव्हताच. त्या फणसाच्या पलीकडं होता." फणसापलीकडं खणलं. दीड मीटरवर हिरवट-पिवळी ढेकळं लागली.

उपाय तसा जुनाच: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यातलं लोह सहासंयुजी क्रोमियमला त्रिसंयुजी करतं आणि ते गाळ होऊन खाली बसतं. कागदावर एक किलो क्रोमियमला 16 किलो हिराकस पुरतो. प्रत्यक्षात माती त्याहून कितीतरी जास्त खाते. आम्ही भरावावर हिराकस ओतायचो, बोअरमधून पाणी उपसून टाकीत हिराकस आणि चुना घालायचो, निवळलेलं पाणी पुन्हा तपासायचो, गाळ मॅनिफेस्ट (घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रावर पाठवायचो. आठ महिने हेच. मे महिन्यात सगळ्या पिझोमीटरच्या नळ्या स्वच्छ आल्या. आम्ही रिपोर्ट दिला, पार्टीनं हार घातला, फोटो काढले.

सप्टेंबरमध्ये त्याच नळ्या पुन्हा कोकमच्या रंगाच्या.

चूक आमचीच होती, आणि ती बोअरवाल्याच्या पोरानं करावी याची लाज आजही वाटते. मेमध्ये पाणी नऊ मीटर खाली होतं, पावसाळ्यानंतर दोन मीटरवर. मधल्या सात मीटर मुरमात आणि भेगांत क्रोमेट तसंच बसून होतं. उन्हाळ्यात पाणी त्याला शिवतच नव्हतं, म्हणून स्वच्छ दिसत होतं. कोकणचा तीन हजार मिलीमीटर पाऊस वरून झिरपला, खालून पातळी चढली, आणि सगळं धुऊन खाली आलं. शिवाय भरावाचा गाळ चुन्यासारखा अल्कलीयुक्त. आम्ही ओतलेल्या हिराकसचा ढेकळांवर नुसता गंजाचा पापुद्रा बसला, आतला माल शाबूत.

मग स्वतःच्या खर्चानं दुसरी फेरी. भराव उकरून काढला, ढेकळं फोडून पावडर केली, हिराकस कालवला आणि लीचिंगची टेस्ट (पाण्यात किती विष सुटतं ते बघणारी) पास झाल्यावरच तळोज्याला पाठवला. भेगांतल्या पाण्यासाठी जिवाणूंना खाद्य द्यायचं ठरलं. ते साखर खातात, प्राणवायू संपवतात, आणि त्या कोंडलेल्या अवस्थेत क्रोमियम आपसूक बदलतं. या कामाला जगभर मळी वापरतात. आपल्याकडं मळीला एक्साइजचे कागद लागतात, म्हणून आम्ही कोल्हापूरच्या गुऱ्हाळातून काकवीचे डबे आणले. साइटवर मुंग्या आणि मधमाश्यांचा उत्सव झाला. पोरं पोळीबरोबर खायला डबा मागायची, त्यांना लांब ठेवणं हेच सेफ्टी ऑफिसरचं मुख्य काम. नंतर पाणी काळपट झालं, वास यायला लागला, लोह आणि मँगनीज वाढलं. हे काही काळ होतंच, पण गावाला कसं सांगणार? "पिवळं होतं ते बरं होतं," असंही ऐकून घेतलं.

त्या वर्षी आमची एक रिग विकली गेली. पार्टीनं शेवटचं बिल अडकवलं. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण पुढचं काम हवं असलेला माणूस कायदा दाखवत नाही.

पूर्वी असली कामं कोर्टाचा बडगा बसला तरच निघायची. उदयपूरजवळच्या बिछडीत एच-अ‍ॅसिड या रंगांसाठीच्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं पाहणी केली, आणि 1996 साली सुप्रीम कोर्टानं सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकला. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन साठवलेला कचरा 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला हलला, म्हणजे चाळीस वर्षांनी. तिथल्या मातीचा आणि भूजलाचा प्रश्न त्यानं सुटलेला नाही. त्याच वर्षी जुलैत प्रदूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आले. तेव्हापासून फोन वाढलेत, हे खरं. बहुतेकांना जमीन गोडाऊनसाठी विकायची असते आणि 'तीन महिन्यांत क्लीन सर्टिफिकेट' हवं असतं. आमच्या कोटेशनमध्ये आता पहिल्याच पानावर ओळ असते: दोन पावसाळ्यांच्या नोंदींशिवाय अंतिम रिपोर्ट मिळणार नाही. निम्मे लोक तिथूनच परत जातात. भागीदार म्हणतो ओळ शेवटच्या पानावर टाकू. मी ऐकत नाही.

त्या कारखान्याच्या जागेचं दुसरं पावसाळी रीडिंग मर्यादेच्या आत आलं. मी आनंदानं नळी घेऊन उतारावरच्या काकांकडं गेलो. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ बघितली, परत दिली आणि म्हणाले, "अजून एक पावसाळा जाऊ दे." पंपाच्या खोलीचं कुलूप अजून तसंच आहे. सप्टेंबरमध्ये त्यांच्या विहिरीच्या बाटल्या भरायला जायचंय, त्याचं बिल कुणाच्या नावावर लावायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही.