इनसाइड म्हणजे नक्की कुठली बाजू?

गाडी नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून लिफाफा त्याच्या नावाने आला. त्याने तो दारातच फोडला, वाचला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. एम १ मोटरवे, लंडनच्या दिशेने, जंक्शन १५ आणि १४ च्या मध्ये. रविवार, रात्री ९ वाजून १२ मिनिटं. वेगमर्यादा ५०, गाडीचा वेग ६१. हे आकडे मैलांचे. किलोमीटरमध्ये ६१ म्हणजे साधारण ९८, म्हणजे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट पट्ट्यात कोणी हटकलंही नसतं. हे मी लगेच बोलून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावरून मुद्दा पोचल्यासारखा वाटला नाही.

त्या रविवारी आम्ही दिवाळीची रोषणाई बघायला लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गेलो होतो. येताना पोहे, भाजणी आणि घरात आधीच असलेलं बरंच काही घेऊन आलो. लेस्टरपासून मी चालवत होते. न्यूपोर्ट पॅग्नेलच्या सर्व्हिसेसला थांबून चहा घेतला आणि तिथून वॉटफर्डपर्यंत त्याने चालवली. आता गंमत अशी की न्यूपोर्ट पॅग्नेल जंक्शन १५ आणि १४ च्या मध्येच आहे. त्यामुळे नुसत्या पत्रावरून कॅमेऱ्याने मला टिपलं की त्याला, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि पत्रात विचारलं होतं तेवढंच. इथे आधी दंडाचा विषयच निघत नाही. घटनेपासून १४ दिवसांच्या आत गाडीच्या मालकाला नोटीस जाते आणि त्याने २८ दिवसांत चालक कोण होता ते कळवायचं असतं. उत्तर दिलं नाही तर तो वेगळा गुन्हा, लायसन्सवर ६ दंडाचे पॉइंट. वेगाच्या गुन्ह्याला कमीत कमी ३. म्हणजे गप्प बसणं जोरात चालवण्यापेक्षा महाग.

सोबतच्या नंबरावरून ऑनलाइन फोटो बघता येत होता. आमची गाडी मागून, नंबर प्लेट ठसठशीत, आत कोण ते दिसत नाही. वरच्या पट्टीत वेळ, वेग आणि लेन ३.

नवऱ्याने विचारलं, "तू कुठल्या लेनमध्ये होतीस, आठवतंय?"

"इनसाइड लेनला. लेस्टरपासून तीच धरली होती मी."

"नक्की?"

"अरे, नक्की! तूच म्हणालास ना, सारखी लेन बदलू नकोस."

"मग हा मीच आहे," असं म्हणून त्याने पेन उचललं.

मला बरं वाटलं, हे कबूल करते. पण तो इतक्या सहज कबूल झाला याचं नवलही वाटलं. म्हणून विचारलं, फोटोतल्या गाडीवरून त्याने हे कसं ठरवलं. तो म्हणाला, "गाडी तिसऱ्या लेनमध्ये आहे. तू इनसाइडला होतीस, म्हणजे पहिल्या."

"पहिल्या कशाला? इनसाइड म्हणजे आतली. दुभाजकाकडची."

त्याने पेन खाली ठेवलं.

तर ते असं आहे. ब्रिटनमध्ये इनसाइड लेन म्हणजे अगदी डावीकडची, रस्त्याच्या कडेची. आउटसाइड लेन म्हणजे उजवीकडची, मधल्या बॅरियरला लागून असलेली. माझ्या मराठी डोक्यात आत म्हणजे मध्याकडे आणि बाहेर म्हणजे कडेला. सहा वर्षं इथे गाडी चालवतेय आणि हा शब्द सहा वर्षं बरोबर उलटा वापरतेय. भारतातल्या लायसन्सवर पहिले बारा महिने चालवता येतं, ते चालवलं. मग इथली परीक्षा पास झाले. पण त्या परीक्षेत मोटरवेवर नेतच नाहीत. शिकाऊ माणसाला इन्स्ट्रक्टरबरोबर मोटरवेवर जायची मुभासुद्धा २०१८ पासूनची. त्यामुळे हे शब्द मी ऐकून ऐकून, अंदाजाने शिकले होते.

आता फॉर्मवर कोणाचं नाव? नवरा म्हणाला, त्याचंच घालू, त्याच्या लायसन्सवर एकही पॉइंट नाही. माझ्याही नव्हता, पण तो मुद्दा नव्हे. क्रिस ह्यून नावाचे इथले मंत्री होते. २००३ साली एम ११ वर त्यांची गाडी कॅमेऱ्यात सापडली आणि पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने, विकी प्राइस यांनी, स्वतःच्या नावावर घेतले. पुढे घटस्फोट झाला, प्रकरण बाहेर आलं आणि २०१३ मध्ये दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा वेगासाठी नाही, न्यायप्रक्रियेची दिशाभूल केल्याबद्दल. हे मी सांगितल्यावर नवऱ्याच्या प्रेमाला जरा लगाम बसला.

निकाल लावला चहाने. बँकेच्या ॲपमध्ये चहाचे पैसे भरल्याची वेळ होती ९:३१. फोटो ९:१२ चा. म्हणजे चहाच्या आधीचा. म्हणजे मी.

नवऱ्याने फॉर्मवर माझं नाव लिहिलं. आठवड्याभरात माझ्या नावाने दुसरी नोटीस आली. तिचं उत्तर दिल्यावर तिसऱ्या पत्रात तीन पर्याय आले: १०० पौंड आणि ३ पॉइंट, कोर्ट, किंवा नीट गाडी चालवण्याबद्दलचा कोर्स. ५० च्या मर्यादेत साधारण ५७ ते ६४ पर्यंतच्या वेगाला कोर्स देतात, गेल्या तीन वर्षांत आधी केलेला नसेल तर. पॉइंट चार वर्षं लायसन्सवर राहतात आणि विमावाले पाच वर्षं मागचं विचारतात. कोर्स केला की पॉइंट नाहीत. फी सुमारे ९० पौंड. हिशोब सोपा होता.

तरी दोन दिवस मी कोर्टाचा विचार करत होते, खोटं कशाला बोलू. माझं म्हणणं असं की ५० चा आकडा मी पाहिला होता, पण तो डावीकडे, कडेच्या खांबावरच्या बोर्डावर होता. मी समजले, तो डाव्या लेनसाठी आहे. मी तर फास्ट लेनच्या शेजारी!

कॅलिफोर्नियातल्या मामेभावाला फोन केला. त्याने लेन नंबर विचारला. तीन म्हटल्यावर म्हणाला, "ताई, मग तू स्लो साइडलाच होतीस की!" त्यांच्याकडे लेन मोजतात ती मधल्या दुभाजकापासून. दुभाजकालगतची पहिली, आणि चार लेन असतील तर कडेची चौथी. ब्रिटनमध्ये कडेपासून मोजतात. पुण्याला बाबांशी बोलले, तर त्यांनी नंबरही विचारला नाही. "डिव्हायडरकडची की कडेची, एवढं सांग." मी म्हटलं, डिव्हायडरकडून दुसरी. "मग कडेचा बोर्ड वाचायला तुझी मान वळली कशी?" बाबा कोर्टात असते तर मी तिथेच हरले असते.

कोर्स घरूनच, व्हिडिओ कॉलवर. आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, आणि पूर्ण वेळ कॅमेरा चालू. आम्ही सगळे मोटरवेवरच सापडलेले, त्यामुळे तो मोटरवेपुरताच कोर्स होता. मी निमूट ऐकून घ्यायच्या तयारीने बसले होते, पण शिकवणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: चार लेनच्या रस्त्यावर लेन १ कुठली? उत्तरं आली ती अशी: स्लो लेन, फास्ट लेन, ट्रकची लेन, इनसाइड, आउटसाइड. एकजण म्हणाला, हार्ड शोल्डरच्या, म्हणजे बंद पडलेल्या गाड्यांसाठी कडेला सोडलेल्या पट्टीच्या, शेजारची. यातले बरेचसे इथेच जन्मलेले. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

हार्ड शोल्डरवाल्याची चूक मला सगळ्यात पटली. आम्ही सापडलो त्या पट्ट्यात पूर्वी तीन लेन आणि कडेला हार्ड शोल्डर होता. स्मार्ट मोटरवे करताना तो हार्ड शोल्डरच वाहता केला आणि तो झाला लेन १. म्हणजे ज्यांना जुना रस्ता पाठ आहे त्यांचा प्रत्येक आकडा एकाने सरकला. गाडी बंद पडली तर आता अधूनमधून असलेल्या नारिंगी थांब्यापर्यंत पोचायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने असे नवे रस्ते करणं थांबवलं. आधीचे मात्र आहेतच.

बाईंचं म्हणणं होतं की फास्ट लेन नावाची लेन नाही. डावी लेन चालायची, बाकीच्या ओलांडून पुढे जायच्या. काम झालं की परत डावीकडे. विनाकारण मधली लेन धरून बसणाऱ्यालाही २०१३ पासून जागेवर दंड करता येतो. (मला "सारखी लेन बदलू नकोस" असं सांगणाऱ्याला मी हे वाक्य त्याच रात्री ऐकवलं.) आणि कडेच्या बोर्डावर लाल वर्तुळात आकडा असेल तर तो चारही लेनसाठी, कायद्याने बंधनकारक. वर्तुळ नसेल तर सल्ला. मला वर्तुळ आठवत होतं. कोर्टाचा विचार तिथे संपला.

पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. कोणीतरी विचारलं, लेनच्या नावांचं एवढं काय? बाई म्हणाल्या, तुमची गाडी बंद पडलीय आणि तुम्ही फोनवर "इनसाइड लेन" म्हणालात. पलीकडच्या माणसाने लेन बंद असल्याची लाल फुली कुठल्या लेनवर लावायची? ७० मैलांनी येणाऱ्या गाडीला थांबायला ९६ मीटर लागतात. मी माझा कॅमेरा चालू आहे हे विसरून हात जोडले.

डिसेंबरात परत एम १ वर होतो. गाडी मी चालवत होते. मागून एक व्हॅन दिवे मारत आली तसा नवरा म्हणाला, "इनसाइडला घे."

"गवताकडे की बॅरियरकडे?"

"गवताकडे, बाई, गवताकडे!"