लिस्बनहून अल्वेर्का, डेकोच्या पोर्तुगालमधल्या पहिल्या मैदानाकडे

लिस्बनला चुलतभावाकडे आठवडाभर होतो. दादा मूळचा फोंड्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेला. सिंत्रा झालं, बेलेंला जाऊन ते गरमागरम पास्तेल (कस्टर्डचे टार्ट) खाऊन झालं, पण मला जायचं होतं अल्वेर्काला. दादा म्हणाला तिथे विमानांचा कारखाना सोडून बघायला काय आहे? मी म्हटलं डेको, ब्राझीलमध्ये जन्मलेला आणि पुढे पोर्तुगालकडून खेळलेला फुटबॉलर.

ओरिएन्ते स्टेशनवरून लोकल पकडली, उजव्या हाताला तेजो नदी, वीसेक मिनिटांत उतरलो. साधं कामगारवस्तीचं गाव, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, आणि लहानसं स्टेडियम. गेट बंद होतं म्हणून जाळीतूनच बघितलं. 1997 साली ब्राझीलहून आलेल्या डेकोला लिस्बनच्या बेन्फिका क्लबने एकही मॅच न खेळवता इथल्या सेकंड डिव्हिजनच्या क्लबकडे पाठवलं होतं. 1998 ला अल्वेर्काचा क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढला तरी बेन्फिकाने डेकोला सोडूनच दिलं, मग साल्गेइरोस क्लब, मग पोर्तो, आणि 2004 ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये मोनाकोला 3-0 हरवलं त्यात एक गोल त्याचा. त्या जाळीपाशी उभं राहून खरंच गळा दाटून आला माझा.

परत येताना स्टेशनजवळच्या कॅफेत बिका (छोटी कडक कॉफी) घेत होतो, शेजारी ट्रॅकसूटमधला एक जण बसलेला. दादाने बोलायला सुरुवात केली तर तो ब्राझीलियन निघाला, मिनास राज्याच्या आतल्या भागातला, वय 31, सध्या चौथ्या डिव्हिजनला खेळतो. पायाशी सुपरमार्केटच्या पिशवीत बूट, उजव्या बुटाचा सोल पुढून उघडलेला आणि गमने चिकटवलेला, गम वाळून पिवळा पडलेला.

मी विचारलं घर सोडून एवढ्या लांब का. तर म्हणे तिकडे छोट्या क्लबांना फक्त राज्याची स्पर्धा असते, जानेवारीत सुरू होते, दोन-तीन महिन्यांत आटोपते, कॉन्ट्रॅक्ट पण तेवढंच, पुढे वर्षभर काय खायचं? हे मला माहीतच नव्हतं, आपल्याला ब्राझील म्हटलं की पिवळी जर्सी आणि वर्ल्ड कपच दिसतो. म्हणून तो आधी सायप्रसला गेला, मग माल्टा, आता पोर्तुगाल, कारण भाषा तरी आपली. इथे दहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळतं, चौघांत एक फ्लॅट, जून-जुलै बिनपगारी. मुलगी सहा वर्षांची आहे, तिची शाळा सुटली की इथे रात्र झालेली असते, तेव्हा फोन करतो. डेकोचं नाव काढलं तर मान हलवली आणि म्हणाला, आमच्या फ्लॅटमधला प्रत्येक जण त्याच्याच वाटेने आलाय. मला वाटतं या पोरांबद्दल कुणी लिहीतच नाही, आणि फुटबॉल चाललाय तो खरं तर यांच्यावर, डेको हजारांत एखादा.

मग मी त्याला आमच्या गोव्याचं सांगितलं, धेंपो क्लबचा बेटो, तो पण ब्राझीलियन, मिडफिल्डमधून त्याचे पास बघायला आम्ही फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचो, लोकांनी किती जीव लावला त्याला. तो एकदम सावरून बसला. दादाला दोनदा विचारलं, खरंच भारतात? मग माझ्याकडे वळला आणि बोटांनी हवेत छप्पर काढून दाखवत म्हणाला, क्लब घर देतं का? फॅमिलीला आणता येतं?

मी म्हटलं विचारून सांगतो. त्याने दादाच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर टाकला, दोनदा तपासला, पिशवी उचलली आणि प्रॅक्टिसला निघाला.