बेरीज बिनचूक होती

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि गेल्या दोन वर्षांत हाच प्रश्न इतक्या जणांनी इतक्या परींनी विचारला म्हणून, एकदाच नीट लिहिते. विभागप्रमुखाची खुर्ची स्वतःहून सोडून, बावन्नाव्या वर्षी, कालपर्यंत हाताखाली असलेल्यांच्या रांगेत बसून पगारपत्रकाची नवी प्रणाली शिकण्याची मला काय गरज होती, असा तो प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असते: एक तर मला काढले असावे, नाही तर मला काही साक्षात्कार झाला असावा. दोन्ही खोटे आहे. तब्येतही ठणठणीत आहे.

मी वाईट प्रमुख नव्हते, हे आधी सांगू द्या. माझ्या विभागाचे काम कधी रेंगाळले नाही, आणि त्याचे बरेचसे श्रेय माझ्या टेबलावरच्या छोट्या घड्याळाला होते. २५ मिनिटे एकच काम आणि मग ५ मिनिटे विश्रांती, ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ घेऊन सुरू केलेली पद्धत मी काटेकोरपणे पाळत असे. ती पद्धत उपयोगी आहे, हे माझे मत आजही बदललेले नाही.

महिनाअखेरीच्या त्या दिवशी बँकेला पाठवायची यादी माझ्यासमोर उघडी होती. नावे आणि खातेक्रमांक वर्णानुक्रमे लावताना शेजारचा रकमांचा रकाना निवडीतून सुटला. नावे हलली, रकमा मात्र जागच्या जागी राहिल्या. हे मीच केले होते. माणसांची संख्या बरोबर होती आणि एकूण रक्कम मंजूर आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळत होती. जुळणारच, बेरजेला क्रमाचे सोयरसुतक नसते, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. आमच्याकडे तपासणी म्हणजे एवढेच होते: संख्या पाहायची, बेरीज पाहायची.

तपासणीच्या टेबलावरचा मुलगा यादीची छापील प्रत घेऊन दाराशी आला. त्याचे बोट एका ओळीवर होते, ते मी पाहिले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला ‘पाहिले नव्हते’ असेच सांगत होते. पडद्यावरून नजर न काढता मी हात वर केला आणि घड्याळाकडे बोट दाखवले. १७ मिनिटे बाकी होती. त्याने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि तो गेला. घड्याळ वाजल्यावर मी उठले, पाणी प्यायले, खिडकीशी उभी राहिले, परत येऊन घड्याळ पुन्हा लावले आणि यादी पाठवून दिली. त्या संध्याकाळी माझ्या कामांच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती.

दुसऱ्या दिवशी शिपायाच्या खात्यात अभियंत्याचा पगार होता. एका सहकारी बाईंच्या खात्यात निम्माच पगार जमा झाल्यामुळे त्यांच्या घरकर्जाचा हप्ता परत गेला होता. मी त्या मुलाला बोलावून, आवाज चढवूनच, विचारले, “तू बोलला का नाहीस?”

“आलो होतो मॅडम. तुम्ही घड्याळ दाखवलंत. मग वाटलं, तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच.”

त्याच्या स्वरात राग असता तर मला सोपे गेले असते.

इथपर्यंतची हकीकत मी काहींना पूर्वीही सांगितली आहे. पुढची सांगितली नव्हती. अहवालात मी ‘तपासणीच्या टप्प्यावरील त्रुटी’ असे लिहिले. वाक्यात कर्ता नव्हता. पण तपासणीच्या टेबलावर कोण बसते, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो अहवाल मी अकरा दिवसांनी दुरुस्त केला. मधल्या काळात त्याला नोकरीत कायम करण्याचा निर्णय पुढे ढकलला गेला होता. तो नंतर झाला, आणि चार महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्याचे कारण मीच, असे म्हणणे हाही स्वतःला मोठे करण्याचाच प्रकार होईल.

गंमत म्हणजे प्रशिक्षणवर्गांत टोयोटाच्या मोटार कारखान्यातल्या, मदतीला बोलावण्याच्या दोरीची गोष्ट मीच सांगत असे: दोष दिसताच कोणताही कामगार दोरी ओढू शकतो आणि गटप्रमुख आधी त्याच्यापाशी जातो. चिरिल्लो यांच्या पद्धतीतही, व्यत्यय आला तर समोरच्याला थोडक्यात कल्पना द्यावी, बोलण्याची वेळ ठरवावी आणि आपण होऊन त्याच्याकडे परत जावे, अशी सोय आहे. मी पद्धतीतले सोयीचे तेवढे घेतले होते. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधोपचारांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका कमी नव्हे तर जास्त निघाल्या. तिथली माणसे चुका मोकळेपणाने सांगत होती, असा उलगडा त्यांनी केला. हे मी नंतर वाचले. माझ्या विभागात नोंदलेल्या चुका जवळजवळ शून्य होत्या, आणि वार्षिक आढाव्यात तो आकडा मी अभिमानाने वाचून दाखवत असे.

मग खुर्ची सोडली ती प्रायश्चित्त म्हणून का? माझ्यातली जुनी प्रमुख विचारते, तिथेच राहून दार उघडे ठेवले असतेस तर जास्त जणांचे भले झाले नसते का? तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. पगारपत्रक वीस वर्षे ‘येत असूनही’ बेरजेखेरीज ते तपासायचे कसे, हे मला येत नव्हते, आणि ते शिकायचे तर कुणासमोर तरी अडाणी दिसणे भाग होते. प्रमुख असताना ते मला जमले नसते. आता प्रत्येक ओळीत कर्मचारी क्रमांक, खातेक्रमांक आणि रक्कम मूळ नोंदीशी ताडून पाहायला मी शिकले आहे. शिकवणारी माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहे आणि मी तेच ते विचारले की वैतागते.

गेल्या महिन्यात मला एक कपात चुकीची वाटली. कागद घेऊन मी आमच्या नव्या प्रमुखांच्या दाराशी गेले. ते कानाला हेडफोन लावून काम करत होते. मी क्षणभर थांबले आणि परत फिरले. कपात बरोबर होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. परत फिरताना ते ठाऊक नव्हते.