आरएन नंबर अजून यायचाय

शुक्रवार, रात्री. कळवा.

नर्स म्हणून नोंदणी करून आरएन (रजिस्टर्ड नर्स) नंबर घ्यायचाय, त्या अर्जासाठीचं ठाण्याच्या कोर्टनाक्यावरचं काम आज एकदाचं उरकलं. माझ्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आमच्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदललं नाही, नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने अख्खं नवीन नाव लिहिलं. तेव्हा सगळे हसले होते, टाळ्या वाजल्या होत्या. आता त्या दोन्ही बायका एकच, हे नोटरीपुढे शपथेवर सांगावं लागतं. टायपिस्टने काही न विचारताच 'व्यवसाय : गृहिणी' असं टाइप करून टाकलं. खोडायला लावणार होते. मग म्हटलं, राहू दे. आजच्या तारखेला तेच खरं आहे, प्रतिज्ञापत्रात कशाला खोटं?

2003 साली पास झाले, पाठोपाठ लग्न ठरलं. नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करायची ती राहिलीच. घरात कुणाला तिची गरजही वाटली नाही. पण सोसायटीत मी 'सिस्टर'च आहे. बीपी बघायला, ड्रेसिंग बदलायला, रिपोर्ट वाचून दाखवायला हाक येते. इंजेक्शनला मात्र मी नाही म्हणते. मग तोंडं वाकडी होतात.

गेल्या महिन्यात जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये विचारून आले. डॉक्टर म्हणाले, "नोंदणी नसली तरी चालेल हो, हात चालतो ना? उद्यापासून या." पगार सांगितला तो नोंदणी असलेल्या मुलीच्या निम्मासुद्धा नव्हता. पैशाचं एक वेळ सोडा. काम सगळं मी करायचं आणि नोट्सखाली सही दुसरीने करायची, हे मला नको. महाराष्ट्रात 1966 चा परिचारिका कायदा आहे, नोंदवहीत नाव असलं की मग तुम्ही नर्स. नाहीतर पांढऱ्या कपड्यातली मावशी. मावशा कमी कष्ट करतात असं नाही, पण मी हॉस्टेलमधली वर्षं काही त्यासाठी काढली नव्हती.

भावाने माहेरच्या ट्रंकेतली मिडवायफरीची, म्हणजे बाळंतपणाच्या कामाची, केसबुक कुरिअरने पाठवली. अर्जाला ती लागत नाही, मीच मागवली. विद्यार्थिनीने 20 प्रसूती स्वतः करून त्यांची नोंद ठेवायची असते. पहिलीच नोंद बघत बसले : प्रायमी (पहिलटकरीण), वय 22, एफटीएनडी (दिवस भरून नॉर्मल प्रसूती), मुलगी, 2.6 किलो, लगेच रडली. पुढे माझ्या गोल अक्षरात वार (प्लॅसेंटा) कधी पडली, रक्तस्राव किती, टाके किती. आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईत सिस्टर ट्यूटरची सही. बाळ माझ्या हातात आलं होतं. सही तिची. शिकताना ते बरोबरच होतं म्हणा, तिचीच हवी. पण अख्खी वही चाळली तरी माझी सही कुठेच नाही.

नोंदणीसाठी वेगळी परीक्षा नाही, कागद लागतात. तरी मी अभ्यासाला बसते, कारण वॉर्डात कागद दाखवून माणसाचा जीव वाचत नाही. आम्हाला सीपीआर शिकवला तेव्हा 15 दाब आणि 2 श्वास असं होतं. आता 30 ला 2. शिवाय आम्ही आधी श्वासमार्ग बघायचो, तो क्रम 2010 साली बदलला. आता मोठ्या माणसाला आधी छातीवर दाब : मिनिटाला 100 ते 120, निदान 5 सेंटिमीटर खोल. लेक मोबाइलवर मिनिट लावते आणि मी सोफ्याच्या उशीवर दाबते. पहिल्या दिवशी मिनिटभरात धाप लागली. हॉस्पिटलच्या कचऱ्याचंही तसंच, पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी चार रंगांची घोकंपट्टी. सुई पांढऱ्यात, सलाईनची नळी लालमध्ये.

सलाईनचं गणित तेवढं जसंच्या तसं आहे. लेकीने विचारलं, "1000 एमएल, 8 तासांत, एमएलला 20 थेंबांचा सेट?" वीस हजार भागिले 480, मिनिटाला 42 थेंब. तिने कॅल्क्युलेटर काढायच्या आत मी सांगितलं. जेवताना दोनदा ऐकवलंही.

सरकारी भरतीची आशा नाही. वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43, दोन्ही मागे पडल्या. नवरा म्हणतो, मग एवढी धावपळ कशाला? त्याला कायदा सांगितला, पगार सांगितला. सहीचं सांगितलं नाही. तो बँकेत आहे, दिवसभर सह्याच करतो, त्याला काय कळणार. नोंदणी झाली की दर 5 वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीएनईचे, म्हणजे पुढच्या नर्सिंग शिक्षणाचे, तास भरायचे, म्हणजे हे प्रकरण रिटायर होईपर्यंत संपायचं नाही. मला चालेल.

उद्या विवाह नोंदणीचा दाखला स्कॅन करायचा. अर्जात त्रुटी निघाली तर पुन्हा कोर्टनाका आहेच. फोटोही नवीन काढायचाय. टिकली ठेवायची की काढायची, यावर सासूबाई आणि लेक यांचं संध्याकाळपासून जुंपलंय.